कपाटाची किल्ली

घरातील वडीलधारे माणूस गेले की वर्षाच्या आत त्याचे पुस्तकांचे कपाट रद्दीवाल्याच्या तराजूत जाते. पै-पै साठवून घेतलेले ग्रंथ वजनावर विकले जातात आणि त्याच घरात ‘मुले वाचत नाहीत’ अशी तक्रार चालू असते. मुलांनी वाचावे तरी कसे? त्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली आजोबांच्या उशाखाली!

स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भगूरच्या घरी ग्रंथ असे बंदिवान नव्हते. मातोश्री राधाबाई रामायण-महाभारतातील कथा मुलांकडून मोठ्याने वाचवून घेत. वडील दामोदरपंत इतिहास सांगत, होमरचे काव्यही समजावून देत. १८९२ साली राधाबाईंचे निधन झाले तेव्हा विनायक अवघा नऊ वर्षांचा होता. पण वाचनाचे वळण पक्के झाले होते. पुढे अंदमानात कागद मिळत नसताना कोठडीच्या भिंतीवर काव्य कोरणाऱ्या या बंदिवानाने निरक्षर सहबंद्यांना अक्षरओळख करून दिली आणि कारागृहातील ग्रंथसंग्रह वाढावा म्हणून सतत पाठपुरावा केला. वाचन त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही.

रात्रीच्या भोजनानंतर अर्धा तास दूरचित्रवाणी बंद ठेवणे कोणत्याही घराला अशक्य नाही. (भ्रमणध्वनीचे तेवढे सोपे नाही, हे मान्य!) एके दिवशी आजीने वाचावे, दुसऱ्या दिवशी नातवाने. वाचून झालेले पुस्तक शेजारी द्यावे. परत आले नाही तर फार मनाला लावून घेऊ नये. उरलेल्या ग्रंथांची यादी मात्र कपाटाच्या मालकाने हयातीतच स्वहस्ते करावी आणि कोणते पुस्तक कोणत्या नातवंडाला, कोणते गावच्या वाचनालयाला, हे त्यापुढे लिहून ठेवावे.