पोटाचे डायलिसिस आणि जुन्या पथ्याचा कागद

गेल्या आठवड्यात एक निवृत्त गुरुजी पत्नीसह दवाखान्यात आले. गेले सहा महिने त्यांचे पोटाचे डायलिसिस घरीच चालू आहे. वजन चार किलोंनी वाढलेले, पण दंड काठीसारखे आणि रक्तातील अल्ब्युमिन घसरलेले. जेवणात काय असते, असे विचारताच वहिनींनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद पुढे केला. "डॉक्टरसाहेब, एक दिवस पथ्य मोडलेले नाही. डाळ नाही, अंडे नाही, दूध अर्धा कप. भात, साबुदाणा, आरारूट, एवढेच."

कागदावरचे अक्षर माझेच होते, तीन वर्षांपूर्वीचे.

तेव्हा ते पथ्य योग्य होते. मूत्रपिंडे मंदावलेली असली तरी थोडे काम करीत असतात, तोवर त्यांच्यावरील भार कमी करण्यासाठी प्रथिने बेताने घ्यावी लागतात. मी 'डाळ बेताने' असे लिहिले होते. घरात त्याचे 'डाळ बंद' झाले. आपल्याकडे पथ्य नेहमी लिहिल्यापेक्षा कडकच पाळले जाते! पुढे मोठ्या शहरात पोटात नळी बसली, पिशव्या बदलण्याचे शिक्षण मिळाले. जुना कागद मात्र कुणी रद्द केला नाही. मधल्या काळात रक्तदाबासाठी गुरुजी दोनदा माझ्याकडे येऊन गेले, तेव्हा मीही विचारले नाही.

या डायलिसिसमध्ये पोटाच्या आतील पातळ अस्तर गाळणीचे काम करते. साधारणपणे दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा, असे दिवसातून बहुधा चार वेळा. अंगातले जादा पाणी ओढून घेण्यासाठी त्या द्रवात बहुधा ग्लुकोज, म्हणजे साखरच घातलेली असते. मात्र ही गाळणी दोन्ही बाजूंनी झिरपते. घाणीबरोबर रोज पाच ते दहा ग्रॅम प्रथिने बाहेर जातात, म्हणजे एक-दीड अंड्याइतकी. पोटात जंतुसंसर्ग झाला तर त्याहून अधिक. उलट द्रवातील साखर रक्तात शिरते. गुरुजींच्या चार पिशव्यांचा हिशेब केला, तर रोज सुमारे शंभर ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार पोळ्यांइतक्या कॅलरी, तोंडात घास न घालता मिळत होत्या. त्यावर पुन्हा साबुदाणा. चरबी वाढली, स्नायू झिजले, आणि वजनाचा काटा पाहून घरचे म्हणत, प्रकृती सुधारते आहे.

अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. पंचावन्न किलोच्या माणसाला ती पंचावन्न ते सहासष्ट ग्रॅम होतात. अंड्यातील पांढरा बलक यासाठी उत्तम. ज्या घरात अंडे शिजत नाही तिथे मुगाचे वरण, मटकीची उसळ, दही, पनीर, सोयाबीन यांची सांगड घालावी लागते. थोडे कठीण आहे, पण जमते. यातून फॉस्फरस वाढतो, हे खरे. म्हणून फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवतानाच घ्यायची असते; रात्री सगळ्या गोळ्यांबरोबर एकदम गिळली तर ती वाया जाते. बाटलीबंद काळी पेये आणि पाकिटातले पदार्थ मात्र डाळीच्या आधी सोडावेत. फळांबाबत शेजारच्या यंत्रावरील डायलिसिसवाल्याचे पथ्य उसने घेऊ नये. या द्रवात सहसा पोटॅशियम नसते, त्यामुळे काहींचे ते उलट कमीच पडते. रक्त तपासून ठरवावे.

मिठाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ही साखळी फारशी कुणी उलगडून सांगत नाही. लोणचे-पापड खाल्ले की तहान लागते, पाणी प्याले जाते, अंगावर सूज चढते. मग सूज उतरविण्यासाठी दीड टक्क्याऐवजी अडीच किंवा सव्वाचार टक्के साखरेची पिशवी वापरावी लागते. म्हणजे ताटातले मीठ अखेर साखर होऊन रक्तात उतरते. पुढे रक्तातील मेदही वाढतो. मधुमेह्याने तर पिशव्या सुरू होताच किंवा बदलताच इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावी.

माझे स्पष्ट मत असे की, पोटात नळी बसेल त्याच दिवशी जुन्या पथ्याचा कागद रुग्णाकडून परत घ्यावा आणि आहारतज्ज्ञाने किंवा डॉक्टरने नवा लिहून द्यावा. पिशव्या बदलायला आठवडाभर शिकविणाऱ्यांनी ताटासाठी एक तास द्यावा. आम्हा गावाकडच्या डॉक्टरांनीही रक्तदाब मोजण्याआधी "काल काय जेवलात?" हे विचारावे.

गुरुजींच्या कागदावर मी आडवी रेघ मारली आणि मागच्या बाजूस नवे पथ्य लिहिले. ते वाचून वहिनी थोड्या घुटमळल्या. "आणि श्रावणी सोमवार? चाळीस वर्षे चुकलेला नाही त्यांचा."

या वर्षीचे सोमवार त्यांनी माझ्या नावावर लिहावेत, असे मी सांगितले आहे.