परमुलखातला पाहुणा

बारामतीतल्या एका स्नेह्यांकडे गेल्या महिन्यात जेवायला गेलो होतो. पाने मांडून झाली होती आणि सातवीतल्या चिरंजीवांनी जेवणावर बहिष्कार टाकला होता. कारण विचारले तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता तुम्हीच समजवा याला. इग्वाना पाहिजे म्हणतोय." इग्वाना म्हणजे काय, हे आजींना एव्हाना कळले होते. त्या स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "सरडाच ना? मग कुंपणावर काय थोडे आहेत?"

सगळे हसले, मुलगा मात्र हसला नाही. त्याला तो हिरवागार प्राणी मनापासून आवडला होता. मुलांच्या अशा ओढीची थट्टा करू नये. पण हट्ट पुरवण्याआधी त्या प्राण्याच्या बाजूनेही थोडा विचार व्हायला हवा, आणि तो मुलाने नव्हे, मोठ्यांनी करायचा असतो.

परमुलखातले जनावर सांभाळणे म्हणजे काय, हे खरे तर बारामती-इंदापूरच्या माणसाला कुणी शिकवायला नको. होल्स्टीन गाय मूळची हॉलंड-जर्मनीकडची, थंड हवेतली. तिच्या रक्ताच्या संकरित गाई आज इथल्या गोठ्यागोठ्यांत आहेत. उन्हाळा तापला की त्या धापा टाकू लागतात, दूध उतरते. मग पंखे लावा, पाण्याचे फवारे सोडा, मुरघास घाला, खनिज मिश्रण द्या, गोचिडांवर लक्ष ठेवा. घरातल्या बायामाणसांचा दिवस पहाटेच गोठ्यात सुरू होतो, तरीही एखादी गाय बसते ती उठत नाही. आणि या गाईच्या पाठीशी तर जनावरांचे डॉक्टर, दूध संघ, कृषी विज्ञान केंद्र अशी मोठी फौज उभी आहे. शिवाय हजारो वर्षे माणसाच्या सोबतीला राहिलेले हे जनावर आहे. दुखले-खुपले तर हंबरते, चारा सोडते, मालकाकडे बघते.

इग्वाना यातले काही करत नाही. सरपटणारे प्राणी आजार लपवतात. रानात दुबळा दिसला तो संपला, हा त्यांचा जन्माचा धडा. तेव्हा तो आजारी आहे हे आपल्याला कळते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हा प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट, उष्ण अरण्यांतला. आपला मुलूख अवर्षणाचा, हवा कोरडी. अशा हवेत त्याची जुनी कातडी बोटांना, शेपटीला चिकटून राहते आणि मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. त्याला अतिनील किरणे देणारा खास दिवा लागतो, नाही तर चुना अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्याला पुरत नाही, कारण ती किरणे काच अडवते. थंडीच्या दिवसांत रात्री वीज गेली, तर त्याला ऊब कुणी द्यायची? तळहातावर मावणारे पिल्लू शेपटीसह चार-पाच फुटांचे होते आणि नीट सांभाळले तर पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगते. म्हणजे सातवीतला मुलगा शिकून, नोकरीला लागून परगावी गेलेला असेल आणि इग्वाना वहिनींच्या गळ्यात असेल!

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या घरीही नाण्याएवढे एक कासव आले होते. दुकानदार त्याला जपानी कासव म्हणाला. प्रत्यक्षात कानाशी लाल पट्टा असलेले ते कासव अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. आम्ही त्याला घमेल्यात ठेवले, वाळलेले सोडे घातले आणि मुलांचे खेळून झाले की विसरलो. दुसऱ्या हिवाळ्यात त्याची पाठ मऊ लागू लागली. गावातले डॉक्टर गाई-म्हशींचे निष्णात. त्यांनी उलटसुलट करून पाहिले आणि प्रामाणिकपणे सांगितले, "साहेब, यातलं मला काही कळत नाही." आठवडाभरात ते गेले. त्याआधी एका शेजाऱ्यांनी सुचवले होते, "उजनीत सोडून द्या, पुण्य लागेल."

या पुण्याइतके महाग काही नाही. परदेशी कासव इथे तगले, तर इथल्या कासवांच्या अन्नात आणि उन्हाला बसायच्या जागेत वाटेकरी होते. उजनीच्या काठावर हे वेगळे सांगायला नको. चिलापी मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला, तोही खाण्यासाठी, चांगल्या हेतूनेच. आज भिगवणच्या कुठल्याही मासेमाराचे जाळे पाहा, त्यात चिलापी किती आणि जुने गावरान मासे किती ते दिसेल. सगळा दोष चिलापीचा नाही, भीमेतून येणाऱ्या घाणीचाही आहे. पण पाण्यात एकदा सोडलेले परत गोळा करता येत नाही.

हौस नवी नाही. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले जात. अकबराकडे हजार चित्ते होते म्हणतात. इतकी खातिरदारी होऊनही कैदेत पिल्ले झाल्याची नोंद जहांगीरने केली ती एकाच वेळची. हौसेखातर धरून आणलेल्या चित्त्यांच्या जागी नवे येणार कुठून? शिकार आणि माळरानांचा नाश यांच्या जोडीला हेही एक कारण झाले आणि १९५२ सालीच भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले.

कायद्याचेही पाहावे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार इग्वानासारख्या, आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतील प्राण्यांची 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी लागते. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळे कळवायचे. आपला देशी पोपट, तारा कासव, मांडूळ हे तर घरात ठेवणेच गुन्हा. ओसरीवरच्या पिंजऱ्यात मिठू ठेवणारी सज्जन माणसे अजूनही भेटतात, हे मी कुणाचे नाव न घेता लिहितो.

तेव्हा वहिनींना मी स्पष्टच सांगितले, आणू नका. ज्यांच्या घरी असा प्राणी आधीच आहे, त्यांनी तो नदीत किंवा रानात सोडू नये. त्याची नोंद करावी, पुण्यात त्यातला जाणता डॉक्टर गाठावा आणि अगदीच झेपत नसेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारावे.

मुलाची समजूत मात्र एवढ्याने पटली नाही, आणि का पटावी? दुसऱ्या रविवारी भल्या पहाटे आम्ही त्याला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात नेले. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. गवत, बोरी-बाभळी, बाकी उजाड माळ. तासभर काहीच दिसले नाही, तो कंटाळला. मग बाभळीपलीकडे तीन चिंकारा उभे दिसले. शेपट्या सारख्या हलत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिले, चार उड्या मारल्या आणि पुन्हा थांबले.

"काका," तो हळूच म्हणाला, "उन्हाळ्यात हे पाणी कुठं पितात?"

त्याच्या वडिलांनी लांबचा पाणवठा दाखवला. तो बराच वेळ तिकडे बघत होता. परतताना गाडीत त्याने इग्वानाचा विषय काढला नाही. भिगवणला रोहित कधी येतात, एवढेच विचारले.