विचारायला लाज कसली?

मैत्रिणींनो, पापड चिरले तर आपण शेजारच्या काकूंना लगेच विचारतो, "पापडखार किती घातलात हो?" त्यात कमीपणा वाटत नाही. पण कॉम्प्युटर बिघडला की तोंडाला कुलूप! घरचेही "तू कशाला हात लावलास?" म्हणून मोकळे होतात.

हा विषय आज काढला तो लिनक्समुळे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. नवा कॉम्प्युटर सगळ्यांना कुठे परवडतो? मग जुन्यावरच उबुंटू किंवा मिंट टाकून घेतात. हे लिनक्सचेच प्रकार. फुकट मिळतात आणि जुन्या मशीनवरही बरे चालतात. पण आपल्यातल्या बऱ्याच जणी एमएस-सीआयटीला विंडोज शिकलेल्या. अपडेट चालू असताना लाइट गेली, की काम अर्धवट राहतं आणि काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं दिसतात. बचत गटाचा हिशेब, लेकीच्या शिष्यवृत्तीचे कागद, सगळं गेलं असं वाटून पोटात गोळा येतो.

बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. सिस्टिम बिघडली तरी फायली डिस्कवर शाबूत असतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून त्या काढून घेता येतात. म्हणून कुणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी फायली काढायला सांगा. फॉरमॅट नंतरही होतं.

आणि इंटरनेटवर बिनधास्त विचारा. लिनक्सचा जन्मच विचारण्यातून झाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने आपण काय करतोय ते इंटरनेटवर सांगितलं आणि लोकांना त्यात काय हवंय ते विचारलं. पुढे मात्र नवख्यांवर, त्यातही बायकांवर खेकसणारेही तिथे भेटू लागले. म्हणून १९९८मध्ये 'लिनक्सचिक्स' हा बायकांचा गट निघाला. त्याचे मुख्य नियम दोनच: नीट बोला आणि मदत करा. आपल्या घरातही हे दोन नियम लागू झाले तर?

विचारताना चार गोष्टी सांगा. लिनक्स कोणतं आणि कितवं? बिघडण्याआधी शेवटचं काय केलं? पडद्यावर काय लिहून आलंय? (मोबाइलवर फोटो काढा.) आणि आतापर्यंत काय करून पाहिलं? 'चालत नाही हो' एवढ्यावर डॉक्टरही औषध देत नाही! कुणी कमांड सांगितली, तर तिने काय होतं ते आधी विचारा. 'सुडो'ने सुरू होणाऱ्या कमांडला सगळे अधिकार मिळतात, एका ओळीत सगळं पुसलंही जाऊ शकतं. पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच द्यायचा नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आता रेशनपासून बँकेपर्यंत आपली कामं कॉम्प्युटरवरच चालतात. त्याला हात लावायचा, तर कधी तरी तो बिघडणारच. क्लासवाल्यांनीही टायपिंगसोबत मदत कशी मागायची हे शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. जिला विचारता येतं, तिचं काम कुणावाचून अडत नाही. आणि उत्तर मिळालं, की ते वहीत लिहून ठेवा. उद्या दुसरी मैत्रीण तुम्हालाच विचारायला येईल.