पहिल्या सेशनला जादू होत नाही

अपॉइंटमेंट घ्यायला मला तीन महिने लागले. वेळ मिळत नव्हती म्हणून नाही, फोन लावायचं धाडसच होत नव्हतं म्हणून. शेवटी गेलो. तासाभरात ना रडू आलं, ना कसला उलगडा झाला. बाहेर पडताना डोक्यात एकच : एवढे पैसे देऊन गप्पाच मारायच्या होत्या, तर कट्टा काय वाईट होता?

तुम्हीही नुकतेच काउन्सेलरकडे जाऊन आला असाल आणि असंच वाटत असेल, तर जरा थांबा. पहिल्या सेशनवरून थेरपीचा निकाल लावू नका.

पहिली भेट ओळखीची असते. झोप, भूक, अभ्यास, घरचं वातावरण, व्यसन, मरणाचे विचार येतात का, असं सगळं विचारलं जातं. उलटतपासणी वाटते, पण त्यातूनच समोरच्याला तुमचा अंदाज येतो.

सल्ला मिळेल, ही अपेक्षाही घरीच ठेवून जा. ‘इंजिनीअरिंग सोडू का?’ याचं उत्तर थेरपिस्ट देणार नाही. सल्ले द्यायला काका-मामा आहेतच की! ‘केटी लागली म्हणजे मी संपलो,’ असं आपण मनात रोज म्हणतो. इथे कुणीतरी ते वाक्य पकडतं आणि विचारतं, ‘कशावरून?’ सीबीटी पद्धतीत तर गृहपाठही असतो, मनात आलेले विचार वहीत लिहून आणायचे. मी तो दोनदा टाळला आणि वर ‘काही फरकच पडत नाही’ म्हणून तक्रार केली! एखाद्या सेशननंतर आधीपेक्षा जड वाटतं, तेही धरून चाला.

पहिल्याच दिवशी तुम्हीही प्रश्न विचारा. शिक्षण काय, फी किती, घरी किंवा कॉलेजला काही कळवणार का? यात उद्धटपणा नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे. आणि हो, सायकॉलॉजिस्ट गोळ्या लिहून देत नाहीत, ते काम सायकियाट्रिस्टचं.

‘पण माणूसच पटला नाही तर?’ बरोबर आहे, सगळेच पटत नाहीत. तीन-चार भेटींनंतरही मोकळं वाटत नसेल, तर तसं तोंडावर सांगा आणि दुसरं कुणी शोधा. जातीवरून, कपड्यांवरून किंवा तुम्हाला कोण आवडतं यावरून कुणी टोमणे मारले, तर मात्र चौथ्या भेटीची वाट कशाला बघायची? त्याच दिवशी उठा.

पैशांचा प्रश्न खरा आहे. कॉलेजात काउन्सेलर आहे का बघा, सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आत्ताच तो लावा आणि जवळच्या कुणाला तरी सांगा.

माझं म्हणाल तर चौथ्या भेटीत मी मॅडमना म्हणालो, ‘खरं सांगू? मागच्या तीन वेळा मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत होतो.’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘घरीही असंच करतोस का?’

थेरपी तिथून सुरू झाली.