शोकप्रस्तावांचा शोक

महाराष्ट्राबाहेरील कोणत्याही मराठी मंडळाच्या वार्षिक सभेची कार्यक्रमपत्रिका उघडून पाहावी. पहिला विषय बहुधा ठरलेला असतो : दिवंगत सभासदांना श्रद्धांजली. कार्यवाह नावे वाचतात, अध्यक्ष उभे राहण्याची विनंती करतात, दोन मिनिटांची म्हणून जाहीर झालेली स्तब्धता एका मिनिटातच आटोपते, खुर्च्या सरकल्याचा आवाज होतो, आणि ‘ठरावाची प्रत कुटुंबीयांकडे पाठवावी’ असे नमूद करून सभा गतवर्षीच्या जमाखर्चाकडे वळते. मृत्यूचा असा निकाल लागला की ते प्रकरण दप्तरी दाखल होते. या प्रकाराला आपण सभ्यता म्हणतो. प्रस्तुत लेखकाच्या मते शोकापासून अंग काढून घेण्याची ही एक सुशिक्षित युक्ती आहे, आणि ती आपण जितक्या लवकर टाकून देऊ तितके बरे.

ही स्तब्धता मुळात आपली नाही, हे तरी ध्यानात घ्यावे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ११ नोव्हेंबर १९१९ रोजी ब्रिटिश साम्राज्यात दोन मिनिटे काम थांबवून शांत राहण्याची प्रथा सुरू झाली. अगणित अनाम मृतांपुढे राष्ट्राने मौन धरावे, यात औचित्य आहे. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता आपण आपल्या कचेरीत उभे राहतो, तेव्हा त्या मौनाला अर्थ असतो, कारण तेथे आपण राज्ययंत्रणेचे घटक म्हणून उभे असतो. पण मंडळ म्हणजे राज्ययंत्रणा नव्हे. ज्याच्या शेजारी बसून आपण पंधरा वर्षे गणपतीची आरती म्हटली, त्याचे नाव उच्चारल्यावर आपल्याजवळ मौनाखेरीज काहीच नसावे, ही दारिद्र्याची खूण आहे.

आणि या दारिद्र्याची झळ सर्वांत अधिक कोणाला लागते? बदलीच्या गावी राहणाऱ्या नोकरदाराला. गावाकडून वार्ता येते, मिळेल त्या गाडीने तो निघतो, पुष्कळदा अग्नी देण्याच्या वेळेपर्यंतही पोहोचत नाही. रजा बेताची असते. तेरावा उरकून तो परततो, तेव्हा टेबलावर धारिका साचलेल्या असतात आणि सहकारी ‘फार वाईट झाले’ एवढे म्हणून दुसऱ्या विषयाला हात घालतात. गावी दहाव्याला प्रवचन असते, वारकऱ्याच्या घरी वर्षश्राद्धाला कीर्तन असते, भजनी मंडळ न बोलावता येते, भाकरी शेजारच्या घरून येते. वसाहतीतल्या दोन खोल्यांत यांपैकी काहीही नसते. २०२० साली टाळेबंदीच्या नियमांनी अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा घातली आणि अनेकांनी आईबापांचा अखेरचा निरोप हातातल्या यंत्राच्या पडद्यावर घेतला. तो नियम त्या वेळी आवश्यक होता. पण साथ ओसरल्यानंतर राहून गेलेले ते रडणे पुरे करण्यासाठी आपल्यापैकी किती मंडळांनी एक संध्याकाळ मोकळी ठेवली? नाट्यमहोत्सव पुन्हा सुरू झाले, कोजागरी पुन्हा साजरी झाली. तेवढे एक राहून गेले.

‘शोक ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे’ असे यावर सांगण्यात येते. हे उत्तर वरवर बिनतोड वाटते. पण मुलाचा बोर्डात आलेला क्रमांक, वरिष्ठ श्रेणीतील बढती, साठीशांत, हळदीकुंकू यांपैकी काय आपण खाजगी ठेवले आहे? आनंद तेवढा मंडळाचा आणि दुःख तेवढे ज्याचे त्याचे, ही वाटणी कोणत्या न्यायाने झाली? खरी गोष्ट अशी की, दुसऱ्याचे दुःख पाहण्याचा संकोच आपल्याला असतो, आणि त्या संकोचाला आपण दुःखिताच्या खाजगीपणाचे नाव देतो.

आपल्या परंपरेने तरी असा निवाडा दिलेला नाही. क्रौंचवधाने विद्ध झालेल्या वाल्मीकींच्या मुखातून श्लोक निघाला, ही कथा सर्वांना पाठ असते. परंतु तिचा उत्तरार्ध सोयीने विसरला जातो. ते काव्य ऋषीच्या झोपडीत पडून राहिले नाही. कुशलवांनी ते भर सभेत गायिले, आणि श्रोत्यांत स्वतः राम होता. भवभूतीने तर हीच गोष्ट नाटकाच्या गाभ्याशी नेली. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात गंगेच्या काठी नाटकातले नाटक होते. सीतात्यागानंतरचा सारा प्रसंग रंगभूमीवर उभा राहतो, समोर बसलेला राम तो प्रयोग आहे हे विसरतो आणि मूर्च्छित पडतो. ज्या प्रजेच्या तोंडच्या अपवादामुळे सीता वनात गेली, ती प्रजाही तेथेच बसलेली असते. अरुंधती तिला जाब विचारते आणि पौरजन सीतेपुढे नमतात. तोपर्यंत रामाने दंडकारण्यात एकट्याने पुष्कळ अश्रू ढाळले होते. त्यांनी त्याची जखम भरली नव्हती. ती भरू लागली ती दहाजणांच्या देखत, आणि त्या दहाजणांनी आपला वाटा कबूल केल्यावर. विदर्भातील पद्मपूरचा हा कवी कनौजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला होता असे ‘राजतरंगिणी’ सांगते. म्हणजे तोही आपल्यासारखाच घर सोडून उत्तरेत राहिलेला.

संस्कृत नाटक दूरचे वाटत असेल, तर आळंदीला जावे. ज्ञानदेवांची समाधी १२९६ सालची. नामदेवांच्या नावावर असलेल्या समाधीच्या अभंगांत ब्रह्मज्ञानी निवृत्तिनाथांचाही धीर सुटल्याचे वर्णन आहे. वैराग्याच्या नावाखाली ते झाकून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला त्या प्रसंगावर कीर्तन होते, आणि सातशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या वियोगाने शेतकऱ्याचे डोळे भरून येतात. तो ज्ञानदेवांसाठी रडतो आणि त्याच वेळी त्या वर्षी गेलेल्या आपल्या माणसासाठीही रडतो. टाळाच्या ठेक्यात त्याचे रडणे कोणाला खुपत नाही. परंपरा सांगते की, या वियोगानंतर नामदेव उत्तरेकडे गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबातील ज्या घुमानशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तेथे २०१५ साली ८८वे साहित्य संमेलन भरले.

याहून जवळचा दाखला हवा असेल, तर तोही आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी निधन झाले ते दिल्लीत, अलीपूर रोडवरील निवासस्थानी; दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी तेथे लोटणाऱ्या जनसमुदायाने त्या दिवसाचे काय केले? शिवाजी पार्कावर पुस्तकांची दुकाने मांडली, भीमगीते रचली. वामनदादा कर्डकांसारख्या कवीची वाणी ज्या समाजाने घरोघर पोहोचवली, त्याने आपला शोक दप्तरी दाखल केला नाही. बंगालमध्ये नोकरी केलेल्यांनी आणखी एक रीत पाहिली असेल. रवींद्रनाथ १९४१ साली गेले ती तिथी २२ श्रावण. त्या दिवशी शांतिनिकेतनात गाणी म्हणत रोप लावतात. शेजाऱ्यांचे एवढे पाहूनही आपण ठरावाच्या पलीकडे गेलो नाही.

आणखी दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, यातून शोकाचा तमाशा होईल. ही भीती निराधार नाही. ‘स्वरांजली’ या नावाखाली पुरस्कर्त्यांचे फलक लावून होणारे चित्रपटगीतांचे जलसे आपण पाहतो, आणि त्यांच्यापेक्षा एक मिनिटाची स्तब्धता केव्हाही श्रेष्ठ. पण दोहोंतला भेद ओळखणे अवघड नाही. जलशात दुःखित माणूस पहिल्या रांगेत नुसता बसून असतो. भजनात तो गातो, आणि त्याचा सूर चुकला तर इतरांचे सूर त्याला सांभाळून घेतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : जुने विधी म्हणजे जुना जाच. विधवेच्या बांगड्या फोडणारा, कुंकू पुसणारा विधी शोक हलका करीत नव्हता. एकीच्या शोकावर तो सगळ्या गावाची शिक्षा लादत होता. हे पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेचे उदाहरण मोलाचे वाटते. त्या गावाने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारने इतर गावांनाही तोच मार्ग धरण्यास सांगितले. ठराव म्हणावा तर तो असा! मृत्यूविषयी ठराव करायचाच असेल, तर मागे राहिलेल्या माणसाचे जगणे त्यातून सुसह्य झाले पाहिजे. विधी टाकून देता येत नाहीत. ते नव्याने घडवता मात्र येतात.

तेव्हा मंडळांपुढे आमची मागणी साधी आहे. वर्षातून एक संध्याकाळ वर्षभरात गेलेल्यांसाठी राखून ठेवावी. त्या दिवशी व्यासपीठ नको, प्रमुख पाहुणा नको, अध्यक्षीय समारोप तर नकोच. गेलेला माणूस मंडळाचा सभासद असण्याची अट नसावी. कोणाची आई परभणीत गेली असेल, कोणाचा भाऊ मडगावात, त्यांचीही नावे घेतली जावीत, आणि नावाबरोबर ते माणूस कसे होते हे ओळखणाऱ्याने दोन वाक्यांत सांगावे. एखाद्याने अभंग म्हणावा, एखाद्याने बुद्धवंदना, एखाद्याने आईचे जुने पत्र वाचावे. ज्याला देव नको, त्याने कविता वाचावी. कोणाच्याही श्रद्धेला कात्री लावू नये आणि कोणाचीही दुसऱ्यावर लादू नये. त्या रात्रीचा स्वयंपाक ज्यांच्या घरी त्या वर्षी दुःख झाले नाही त्यांनी करावा. आणि वार्ता कळल्यावर वर्षाच्या त्या संध्याकाळची वाट न पाहता, चार माणसांनी डबा घेऊन त्या घरी जावे आणि बोलण्यासारखे काही नसले तरी तासभर बसावे.

याला अनुदान लागत नाही, सभागृहाचे भाडेही पडत नाही. एका सतरंजीत आणि दोन टाळांत हे भागते. ज्या मंडळाला एवढेही जमणार नाही, त्याने आपल्या कार्यक्रमपत्रिकेवरचा पहिला विषय प्रामाणिकपणे खोडून टाकावा आणि सरळ जमाखर्चापासून सभेला प्रारंभ करावा.