रद्दी आमची, धूर त्यांचा

गेल्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रे आणि सपाट केलेली खोकी यांचा गठ्ठा सुतळीने बांधला आणि विचारले, "इथला रद्दीवाला कोणत्या वारी येतो रे?" मी हसून गठ्ठा रिसायकलच्या डब्यात टाकला. वर चीज चिकटलेले पिझ्झाचे खोके आणि न विसळलेला दुधाचा कॅन. बाबा म्हणाले, "अरे, रद्दी भिजवलीस! आता हिला कोण घेणार?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. गोष्ट कुठून निघते आणि कुठे पोहोचते हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. शोधले, तेव्हा उत्तर घरचेच निघाले. ही रद्दी घेणाऱ्यांत आपला भारत आहे.

भारतात कागदासाठी लागणारे पाइनसारखे लाकूड फार कमी. त्यामुळे तिथल्या बहुतेक कागद गिरण्या रद्दीवर चालतात आणि ती पुरवणाऱ्या मोठ्या देशांत अमेरिका आहे. अमेरिकन खोक्यांतला धागा लांब असतो, त्यामुळे वापीच्या गिरणीत त्यापासून मजबूत पुठ्ठा होतो. आशियातून माल घेऊन आलेली जहाजे परतताना बरीचशी रिकामी असतात, म्हणून भाडेही परवडते. आपण इथे हौसेने घेतो ती हापूसची पेटी कदाचित आपल्याच जुन्या खोक्यांतून झालेली असेल!

पूर्वी या मालाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक चीन होते. १ जानेवारी २०१८ पासून चीनने मिश्र रद्दी घेणे बंद केले, मार्चपासून अर्ध्या टक्क्याहून जास्त घाण चालणार नाही असे बजावले आणि २०२१ पासून दारच लावून घेतले. इथल्या कित्येक गावांना रद्दीचे पैसे मिळत होते, त्यांना आता ती उचलून नेण्यासाठी पैसे मोजावे लागू लागले. शेजारच्या फिलाडेल्फियात तर २०१९ च्या सुरुवातीला रिसायकलचा सुमारे निम्मा माल काही महिने भट्टीत जात होता. हा खर्च शेवटी आपल्याच करांतून आणि कचऱ्याच्या बिलातून वसूल होतो.

चीनने नाकारलेल्या मालाचा मोठा भाग भारताकडे वळला. प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर भारताने २०१९ साली बंदी घातली, पण कागदाच्या गासड्यांत लपून तो येतच राहिला. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरला कागद गिरण्या पुष्कळ आहेत. तिथे अमेरिकन घरांत पोहोचलेली कुरियरची प्लास्टिक पाकिटे सापडल्याच्या आणि असे प्लास्टिक भट्ट्यांत जळण म्हणून वापरले जात असल्याच्या बातम्या २०२२ साली आल्या. पाकीट आपल्या दारात आले, आपण ते शुद्ध भावनेने निळ्या डब्यात टाकले आणि त्याचा धूर तिथल्या पोरांच्या छातीत गेला.

आपल्यातले काहीजण तावातावाने म्हणतात, "अमेरिकेचा कचरा आपल्या देशात कशाला? बंद करा." मला हे पटत नाही. स्वच्छ रद्दी हा कचरा नव्हे, कच्चा माल आहे. ती बंद झाली तर गिरण्या अडचणीत येतील, कामगारांची रोजी जाईल आणि पुठ्ठा महागेल. व्यापार चालू राहावा, घाण थांबावी. गासड्या तपासणे सरकारचे काम आहे, पण घाणीची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरात होते.

म्हणून चारच गोष्टी सुचवतो. तेलकट खोके आणि जेवलेल्या कागदी पत्रावळ्या कचऱ्यात टाका. मंडळाच्या गणपतीतल्या वरण-भाताच्या प्लेटासुद्धा! कुरियरची प्लास्टिक पाकिटे आणि पिशव्या कागदात मिसळू नका. दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांवर बरेचदा बिस्फेनॉल जातीचे रसायन असते, ते लगद्यात उतरते. म्हणून त्याही कचऱ्यातच. आणि कागद कोरडा ठेवा. "बघू, टाकून तर देऊ" म्हणून टाकलेली वस्तू आपल्या मनाचे समाधान करते आणि दुसऱ्याचा गठ्ठा नासवते.

लहानपणी रद्दीवाला तराजू घेऊन दारात यायचा. कागद ओला निघाला तर भाव पाडायचा, म्हणून आई तो माळ्यावर जपून ठेवायची. इथे तराजू आपल्याला दिसत नाही, म्हणून वजन नाहीसे झाले असे आपण समजतो. ते आठ हजार मैलांवर कुणीतरी उचलत असते.

बाबा पुन्हा येतील तेव्हा खोकी मीच सपाट करून ठेवणार आहे. सुतळी मात्र बांधू देणार नाही. आमच्या गावात सगळे एकाच डब्यात जाते, आणि निवडण्याच्या यंत्रात सुतळी अडकते.