परक्याची भिंत, आपलें घर

परकीय सत्तेनें देशाचें काय केलें, हा विषय निघाला कीं आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, राष्ट्र ही कल्पनाच आपल्याला त्यांनीं दिली. दुसरा म्हणतो, होतें नव्हतें तें सारें त्यांनीं धुऊन नेलें. या वादाचा निवाडा घरच्या घरीं होत नाहीं, म्हणून समुद्रापलीकडील एका देशाकडे पाहूं. जावा व सुमात्रा हीं नांवें बोरोबुदुरच्या स्तूपामुळें आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु तीं बेटें मिळून इंडोनेशिया हें एक राष्ट्र कसें झालें, ही हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ सालीं निघाली आणि १६१९ मध्यें तिनें जावा बेटावर बटाव्हिया, म्हणजे आजचें जाकार्ता, हें ठाणें वसविलें. त्यावरून साऱ्या इंडोनेशियावर डचांनीं साडेतीनशें वर्षें राज्य केलें, असें सरसहा म्हटलें जातें. वस्तुतः सुमात्राच्या उत्तर टोंकाच्या आचेह राज्याशीं त्यांचें युद्ध १८७३ मध्यें सुरू झालें तें सुमारें तीस वर्षें चाललें, आणि दक्षिण बाली १९०६ ते १९०८ या काळांत पडलें. म्हणजे नकाशा पुरा होऊन चाळीस वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच १९४२ सालीं डच राज्य जपान्यांपुढें कोसळलें. हजारों बेटें आणि शेंकडों भाषा यांच्याभोंवतीं एक भिंत परक्यानें घातली, हें खरें. ती त्यानें आपल्या लाभासाठीं घातली, हेंही तितकेंच खरें. १८३० पासून जावांतील शेतकऱ्याला सरकारासाठीं ऊंस, नीळ व कॉफी पिकवावी लागे आणि त्या नफ्यानें हॉलंडची तिजोरी भरे. परंतु भिंत घातल्यानें घर होत नाहीं.

या घराची भाषा कोणती, हा मोठा पेंच होता. जावानी बोलणारे लोकसंख्येच्या निम्म्याच्या जवळपास आणि त्यांचें वाङ्मय शेंकडों वर्षांचें. संख्येचा न्याय लावला असता तर मान त्यांचाच. तथापि २८ ऑक्टोबर १९२८ रोजीं बटाव्हियांत तरुणांच्या परिषदेनें एक देश व एक राष्ट्र यांची शपथ घेतली, आणि ऐक्याची भाषा म्हणून मलायी पत्करून तिला इंडोनेशियन हें नांव दिलें. मलायी ही बंदरांतील व्यापाऱ्यांची जुनी भाषा. डचांनीं स्वतःची भाषा मूठभरांनाच शिकविली आणि पुष्कळसा कारभार मलायींतून चालविला. त्यांच्या सोईचें तें साधन तरुणांनीं उचलून त्यांच्याच विरुद्ध वापरलें.

जावानी मागें कां राहिली, याचें एक कारण तिच्या स्वभावांतच आहे. त्या भाषेंत समोरच्याची पायरी ठरविल्याखेरीज वाक्य धड बोलतां येत नाहीं. आपल्या तूं, तुम्ही, आपण यांचा पसारा नामें व क्रियापदें यांपर्यंत पोंचला आहे, अशी कल्पना करावी. जेपारा येथील सरदाराची कन्या कार्तिनी हिनें पत्रांत लिहिलें आहे कीं, धाकट्या भावंडानें थोरल्यासमोरून जातांना रांगत जावें अशी रीत होती; ती रीत तिनें आपल्या बहिणींपुरती मोडून टाकली. बारा वर्षांची झाल्यावर तिला घरांत कोंडण्यांत आलें होतें. हें सारें तिनें डच भाषेंत लिहिलें. १९०४ मध्यें, पंचविसाव्या वर्षीं, बाळंत होऊन थोड्याच दिवसांनीं ती वारली. पत्रें १९११ मध्यें छापलीं गेलीं. पायऱ्यांचा हा जाच मलायींत पुष्कळ कमी होता, आणि एका पंक्तीला बसूं पाहणाऱ्या लोकांना तीच भाषा बरी वाटली.

या गोष्टीला काळी बाजूही आहे. तिमोर बेटाचा पश्चिम भाग डचांकडे व पूर्व भाग, गोव्याप्रमाणें, पोर्तुगीजांकडे होता. पोर्तुगीज निघून जातांच १९७५ मध्यें इंडोनेशियानें पूर्व तिमोरवर सैन्य घातलें. हजारों माणसें मेलीं. १९९९ मध्यें तेथील लोकांनीं मतदानानें विभक्त होण्याचें ठरविलें आणि २००२ सालीं तो देश स्वतंत्र झाला. स्वतः १९४५ पासून १९४९ पर्यंत डचांशीं झगडून स्वातंत्र्य मिळविलेल्या राष्ट्रानेंच शेजाऱ्यावर हा प्रसंग आणला. राज्यकर्ता जातो, पण जरब बसविण्याची त्याची विद्या मागें राहूं शकते.

म्हणून दोन्ही पक्षांना आमचें नम्र सांगणें असें कीं, परक्यानें काय दिलें व काय नेलें याचा जमाखर्च अवश्य मांडावा, परंतु राष्ट्र त्या वहींत सांपडणार नाहीं. निम्म्या घराची भाषा ज्यांची, त्यांनीं आपला आग्रह सोडला आणि धाकट्यांना बरोबरीनें बसूं दिलें. हें त्यांना डचांनीं शिकविलें नव्हतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना अधिक सांगावयास नको. चार बिऱ्हाडें एका छपराखालीं नांदतात तीं छपराच्या बळावर नव्हेत. थोरल्यानें वेळीं एक पाऊल मागें घेतलेलें असतें म्हणून नांदतात.